वळतं होण्याआधी

जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात ऊस तुटून कारखान्याला गेला की शेतकऱ्याच्या हाती आधी एक हिशेब येतो. वर किती टन, काय दर, एकूण किती रुपये. त्याखाली कपाती. त्यात सर्वांत मोठा आकडा बहुधा गावच्या सोसायटीच्या पीक कर्जाचा असतो. तळाशी निव्वळ देय रक्कम. घरातले सगळे डोळे त्या तळाच्या आकड्यावर असतात. 'सोसायटीचं वळतं झालं, एवढे राहिले,' असं म्हणून पुढच्या खर्चाची बोलणी सुरू होतात.

म्हणजे पैसा मालकाच्या खात्यात पोचण्याआधीच त्याची वाटणी झालेली असते. कुणाला आधी, कुणाला नंतर, हे ठरलेलं असतं. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः ब्रिटनमध्ये, हीच सोय बँक खात्याच्या रूपात विकली जाते. महिन्याला ठरावीक फी भरायची. पगार जमा झाला की खातं सांभाळणारी कंपनी घरभाडं, वीज, कर्जाचे हप्ते बाजूला काढून वेळेवर भरते आणि उरलेलेच पैसे कार्डावर खर्चायला देते.

कर्जाने बेजार झालेल्या माणसाने अशी फी भरून आपलं खातं दुसऱ्याच्या हाती द्यावं का? या प्रकरणात त्याचं उत्तर शोधायचं आहे. थोडक्यात सांगायचं तर, मिळकत पुरते पण क्रम चुकतो, अशा घराला त्याचा उपयोग होतो. मिळकतच पुरत नसेल तर होत नाही. आणि दोन्ही बाबतींत फीपेक्षा मोठी गोष्ट एकच: पैशाचा क्रम कोण ठरवतं.

ब्रिटनमधला अनुभव

ब्रिटनमध्ये या खात्यांना 'जॅम जार' खाती म्हणतात. एका बरणीत भाडं, दुसरीत वीजबिल, तिसरीत किराणा, अशी पैशाची विभागणी. महिन्याची फी साधारण दहा-पंधरा पौंडांच्या घरात. गिऱ्हाईक बहुतेक असं, की ज्याचं कर्ज थकलंय, बँकेचा दंड बसून बसून जो कंटाळलाय आणि नेहमीचं खातं मिळायलाही ज्याला अडचण येते.

त्या खात्यांची एक बाजू खरी आहे. हप्ता परत गेला की बसणारा दंड महिन्याच्या फीपेक्षा जास्त असेल, तर फी परवडते. घराबाहेर काढलं जाण्याची, वीज तुटण्याची भीती कमी होते. रोज आकडे जुळवण्याचा ताण जातो, आणि कर्जदाराच्या बाबतीत तो ताण किरकोळ नसतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी. जानेवारी २०१६ पासून तिथल्या नऊ मोठ्या बँकांनी गरजूंना बिनखर्चाचं साधं खातं देण्याचं मान्य केलं. त्यात हप्ता परत गेला तरी दंड नाही. कर्जाचा सल्ला देणाऱ्या धर्मादाय संस्था तिथे एक पैसाही घेत नाहीत. ४ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कर्जदाराला ६० दिवसांची सवड मिळते. तेवढ्या मुदतीत बहुतेक कर्ज देणाऱ्यांना तगादा लावता येत नाही, व्याज-दंडही थांबतो. जिथे हे सगळं फुकट मिळतं तिथे फी भरण्याचं कारण फार थोड्यांपुरतं उरतं. फुकटातला सल्ला दारापर्यंत पोचत नाही तिथेच फीचं खातं खपतं.

आपल्याकडे अशी खाती त्या नावाने दुकानात मिळत नाहीत. पण दुसऱ्याने आपला पैसा सांभाळणं, त्याचा क्रम लावणं, त्यातून स्वतःचं आधी काढून घेणं, हा अनुभव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

सावकाराची वही

एकोणिसाव्या शतकात इथल्या कुणब्याचं आणि महादेव कोळ्याचं 'खातं' सावकाराच्या वहीत असे. पीक निघालं की सावकाराकडे घालायचं, शेतसारा सावकाराने भरायचा, बियाणं आणि खायला धान्य त्यानेच द्यायचं. सगळी जमा एका जागी, सगळा खर्च एका जागी. वही मात्र सावकाराची, आकडे त्याचे, आणि वाचता येणाराही बहुधा तोच.

त्यात कायद्याने एक गाठ मारली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा करायची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा होता. झालं उलट. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून टाकी. दर तीन वर्षांनी कर्ज नवं होई आणि मोठंही होई.

आंबेगावच्या डोंगरातल्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले १८७३ मध्ये सावकारांच्या विरोधात उठला. पश्चिमेच्या डोंगराळ गावांतल्या कोळ्यांना नाडणाऱ्या सावकारांवर त्याच्या टोळीने हल्ले केले. १८७६ मध्ये तो पकडला गेला. त्याच काळात, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात दंगा झाला आणि शिरूर तालुक्यासह पुणे-नगर भागात पसरला. हे दख्खनचे दंगे. लोकांनी जिवावर उठण्यापेक्षा रोखे, हुकूमनामे आणि वह्या हिसकावून जाळण्यावर भर दिला. आपल्याला बांधणारी गोष्ट कागदात आहे हे त्यांना पक्कं कळलं होतं.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणंघेणं तपासण्याचा अधिकार मिळाला. आणखी एक तरतूद आज मुद्दाम आठवायला हवी. शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा, आणि खात्याची नोंद पासबुकात करून घेण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. आज आपण सहज काउंटरवर सरकवतो ते पासबुक इथल्या कर्जदाराला हक्काच्या रूपात मिळालं ते असं, पोटातली आग बाहेर आल्यानंतर. दुसरा आपलं खातं सांभाळत असेल तर निदान त्यात काय लिहिलंय ते आपल्याला दिसलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. फी भरून घेतलेल्या सेवेलाही पहिली कसोटी हीच लावायची.

आज खातं कोण सांभाळतं?

१९०४ च्या कायद्याने सहकारी पतपुरवठा सुरू झाला, १९१७ मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली, गावोगाव सोसायट्या आल्या. सावकाराच्या वहीला हा खरा पर्याय होता. पुढे कारखाना आणि सोसायटी यांची सांगड बसली आणि ऊस बिलातून पीक कर्ज वळतं होऊ लागलं. या व्यवस्थेने शेतकऱ्याचं भलं केलं, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. मुदतीत परतफेड करणाऱ्याला केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलती मिळून तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज शून्य टक्क्याने पडतं. वळतं झाल्यामुळे मुदत चुकत नाही, सवलत बुडत नाही. एक लाखाच्या कर्जावर सवलत गेली आणि सात टक्क्यांनी व्याज लागलं, तर वर्षाचे सात हजार गेले. तेवढे वाचवणारी ही सांभाळणूक बिनफीची आहे.

पण ती एकाच देण्याची काळजी घेते. सोसायटीचं भागलं की तिचं काम संपलं. त्यानंतर जूनमधलं बियाणं, मुलीची फी, आजारपण, फायनान्सचा हप्ता, हे सगळं तळाच्या आकड्यातून निघायचं असतं आणि त्यांचा क्रम लावणारं कुणी नसतं.

ऊस नाही तिथेही असंच. डेअरीचं दहा दिवसांचं दूध बिल पशुखाद्य कापून मिळतं. व्यापाऱ्याकडून हंगामाआधी उचल घेतली असेल तर ती टोमॅटोच्या, कांद्याच्या पट्टीतून वजा होते. आणि उचल घेतलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्या गाळ्यावर माल नेणं अवघड जातं. पतसंस्थेच्या कर्जाची वसुली दुकानदाराकडून पिग्मीने, म्हणजे रोज दारात गोळा होणाऱ्या छोट्या रकमेने होते. महिला गटाला कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्सची मीटिंग ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी भरते. गाडीच्या आणि मोबाइलच्या कर्जाचा हप्ता ऑटो डेबिटने आपोआप जातो.

असं पाहिलं तर एका घराच्या पैशाला पाच-सहा सांभाळणारे आहेत. प्रत्येकजण आपापलं देणं सांभाळतो. जो सगळ्यांत वेळेवर आणि सगळ्यांत जवळून पैसा उचलतो त्याचं आधी भागतं. घर शेवटी उभं असतं. खात्याला पैसे देऊन सांभाळणारा हवा, असं माणसाला वाटतं ते याच जागी. त्याला असा कुणीतरी हवा असतो जो घराच्या बाजूने उभा राहील.

महिन्याचा हप्ता, हंगामाचा पैसा

इथल्या अडचणीचं मूळ बरंचसं वेळेत आहे. हप्ता दर महिन्याला किंवा दर आठवड्याला जातो. पैसा मात्र हंगामाने येतो. उसाचा वर्षातून एकदा, कांद्याचा चाळीतून माल निघेल तेव्हा, टोमॅटोचा बाजार देईल तसा. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून राज्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिला होता. काही आठवड्यांच्या अंतराने अशी टोकं पाहणाऱ्या घराला महिन्याचा ठरावीक हप्ता बांधणं जड जाणारच.

डोंगरभागात हे आणखी तीव्र. भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या बाजूच्या गावांत भाताचं एक पीक आणि उन्हाळ्याच्या अखेरीस बाळहिरडा, एवढीच रोख मिळकत अनेकांची. हिरडा वाळवून विकला की पैसा येतो आणि पावसाळ्यात संपतो. पावसाळ्यातल्या त्या रिकाम्या महिन्यांसाठीच आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्जाची योजना होती. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावातली हिरड्याची झाडं मोडली, तेव्हा कित्येक घरांची पुढच्या वर्षांची रोख मिळकतही त्यांच्याबरोबर गेली. अशा घरात खातं कितीही शिस्तीने सांभाळलं तरी त्यात सांभाळायला आधी काही जमा व्हावं लागतं.

फीचा हिशेब

दोन घरं कल्पनेने समोर ठेवू आणि आकडे मांडू. सेवेची फी महिन्याला दोनशे रुपये धरू. हप्ता परत गेला की बँकेचे तीनशे आणि कर्ज देणाऱ्याचे पाचशे, असा आठशेचा फटका धरू.

पहिलं घर नारायणगावात, नोकरदाराचं. पगार २२,००० रुपये, जमा होतो सात तारखेला. घरखर्च १३,०००. हप्ते ७,०००, तेही दोन आणि पाच तारखेला. महिन्याला दोन हजार उरायला हवेत. पण पगाराआधी खातं रिकामं झालेलं असतं आणि दर महिन्याला एक तरी हप्ता परत जातो. वर्षाचा फटका ९,६००. दोनशे रुपये फी देऊन कुणी सातलाच हप्त्यांचे पैसे बाजूला काढून पुढच्या महिन्यासाठी धरून ठेवले, तर २,४०० खर्चून ९,६०० वाचतात. फीचा फायदा सरळ आहे. वर्षातून तीन हप्ते परत जाणं टळलं की फी वसूल.

मात्र याच घराने कर्ज देणाऱ्याकडे अर्ज करून हप्त्याची तारीख दहा करून घेतली, तर ९,६०० रुपये फीशिवायच वाचतात. पूर्ण बरं होण्याचा हा मार्ग कंपनीची जाहिरात सांगणार नाही.

दुसरं घर घोडेगावच्या पश्चिमेला. दूध आणि मजुरी मिळून महिन्याला १५,०००. घरखर्च ११,५००. हप्ते: बचतीच्या नावाने जमलेल्या दोन मायक्रोफायनान्स गटांचे २,४०० आणि १,९००, मोटरसायकलचे २,७००, एकूण ७,०००. तूट ३,५००. खातं सांभाळायला दिलं की तूट होते ३,७००. वर्षाचे ४४,४०० रुपये कुठून तरी आणावे लागतात, आणि ते येतात तिसऱ्या गटातून किंवा सावकाराकडून. या घराला क्रम लावून देणारा माणूस काही देऊ शकत नाही. त्याला हप्ते लांबवून मिळायला हवेत, एखादं कर्ज मिटायला हवं, किंवा मिळकत वाढायला हवी.

इथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या नियमांप्रमाणे, वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. या घराचे हप्ते ४७ टक्क्यांच्या आत आहेत. नियमात बसतात, तरी घर दरमहा तुटीत. पंधरा हजारांच्या मिळकतीत पोटाला लागणारा पैसा निम्म्याहून जास्त असतो, हे नियमाला दिसत नाही. घराला मात्र रोज दिसतं.

म्हणून फीचा विचार करण्याआधी प्रत्येकाने कागदावर एकच वजाबाकी करावी. वर्षाच्या मिळकतीतून वर्षाचा घरखर्च आणि वर्षाचे हप्ते वजा करावेत. महिन्याचे आकडे इथे फसवतात, वर्षाचेच घ्यावेत. उत्तर अधिक आलं तर अडचण क्रमाची आहे. उणे आलं तर अडचण कर्जाची आहे. औषध वेगळं आहे.

लोक फी का भरतात?

गरीब माणूस पैसे सांभाळण्यासाठी पैसे मोजतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. स्टुअर्ट रदरफर्ड या अभ्यासकाने विजयवाड्याच्या वस्तीतला एक व्यवहार नोंदवला आहे. एक बाई घरोघर जाऊन रोज पाच रुपये गोळा करते. कार्डावर २२० चौकटी. सगळ्या भरल्या की ११०० रुपये झालेले असतात. ती १००० परत देते आणि वीस चौकटींचे शंभर स्वतःची मजुरी म्हणून ठेवते. व्याज मिळत नाही, उलट द्यावं लागतं. तरी बायका तिला सोडत नाहीत. घरात राहिलेले पाच रुपये खर्च होतात, मागितले जातात, हिसकावले जातात. तिच्याकडचे हजार रुपये शाळेच्या फीच्या वेळी हातात येतात.

आपल्याकडे हेच काम पिग्मी करते. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये कर्नाटकाच्या किनाऱ्यावर सुरू केलेली ही पद्धत पतसंस्थांनी महाराष्ट्राच्या बाजारपेठांत घट्ट रुजवली. जुन्नर, ओतूर, आळेफाटा, मंचर, कुठल्याही पेठेत संध्याकाळी पिग्मीवाला दुकानासमोर थांबतो, गल्ल्यातले पन्नास-शंभर उचलतो, मशीनमधून पावती काढून देतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. बँकेत जायला दुकान बंद ठेवावं लागत नाही. मुदतीआधी पैसे काढले तर कपात होते, आणि तीच कपात हात आखडायला लावते. ही शिस्तीसाठी मोजलेली किंमत आहे. फक्त एक भान ठेवायला हवं: बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. म्हणून पिग्मीत वर्षभराची पुंजी साठवत बसण्यापेक्षा ती भरली की बँकेत हलवणं शहाणपणाचं.

पैसा हंगामात आला की लगेच बाजूला ठेवण्याचा काय परिणाम होतो, हे आफ्रिकेतल्या मलावी देशात तपासून पाहिलं गेलं. तिथल्या तंबाखू शेतकऱ्यांची स्थिती आपल्या ऊस उत्पादकासारखीच. माल विकला की कर्ज आधी वळतं होतं, उरलेलं हातात. काही शेतकऱ्यांना उरलेली रक्कम थेट त्यांच्या बचत खात्यात जमा करून देण्याची सोय दिली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की त्या शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात खत-बियाण्यावर जास्त खर्च केला आणि त्यांचं पीकही वाढलं. कर्ज वळतं झाल्यावर उरलेल्या रकमेची काळजी घेतल्यामुळे हा फरक पडला.

फी घेऊन कर्ज मिटवणारे

फीच्या नावाखाली आणखी एक गोष्ट खपते. तिच्यापासून दूर राहायला हवं. 'कर्जमुक्ती करून देतो' अशा जाहिराती फोनवर येतात. हप्ते भरणं थांबवा, दरमहा आमच्याकडे जमा करा, आम्ही बँकेशी तडजोड करू. आमची फी अमुक. काहीजण तर कर्जमाफीचं प्रमाणपत्रच देऊ करतात. ११ डिसेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने अशा मोहिमांविषयी जाहीर इशारा दिला. सेवा फी किंवा कायदेशीर फी घेऊन कुणी कर्जमाफीची प्रमाणपत्रं देत असेल तर त्याला तसा कसलाही अधिकार नाही. सरकारची कर्जमाफीही ठरावीक योजनेतून संस्थात्मक पीक कर्जाला मिळते; मायक्रोफायनान्सचा किंवा मोबाइलचा हप्ता तिच्यात येत नाही.

हप्ते थांबवले की व्याज चढतं, सिबिल बिघडतं, तगादा वाढतो आणि आपण भरलेली फी परत येत नाही. तडजोड करायचीच असेल तर ती कर्ज देणाऱ्याच्या शाखेत जाऊन स्वतः मागता येते. तिला फी लागत नाही.

फुकटात काय मिळतं?

फी भरण्याआधी हातातले हक्क वापरून पाहावेत.

पहिला, बिनखर्चाचं खातं. किमान शिल्लक न लागणारं मूलभूत बचत खातं कुठल्याही बँकेला द्यावं लागतं. जनधन खातंही तेच. हप्ते ज्या खात्यातून जातात ते एक आणि घरखर्चाचं दुसरं, अशी दोन वेगळी खाती केली की बरणीची विभागणी घरच्या घरी झाली. मूलभूत बचत खातं एका बँकेत एकच असतं आणि ते असताना त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, म्हणून दुसरं खातं वेगळ्या बँकेत काढावं, किंवा पोस्टात. कर्ज एका बँकेचं असेल तर घरखर्चाचं खातं दुसऱ्या बँकेत असणं केव्हाही बरं, कारण आपल्याकडच्या थकबाकीपोटी खात्यातली रक्कम अडवण्याचा आधार बँकेला कायद्यात मिळतो.

दुसरा, क्रम सांगण्याचा हक्क. एकाच कर्ज देणाऱ्याची दोन-तीन कर्जं असतील, तर भरलेले पैसे कोणत्या कर्जात जमा करायचे ते भरतानाच सांगण्याचा हक्क १८७२ च्या भारतीय करार कायद्याने कर्जदाराला दिला आहे. करारात वेगळी अट नसेल तर ते मानावं लागतं. आपण काहीच सांगितलं नाही, तर मात्र कर्ज देणारा स्वतः ठरवतो. म्हणून पैसे भरताना तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्यावं.

तिसरा, दंडाची मर्यादा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँका आणि फायनान्स कंपन्यांना सांगितलं, की थकलेल्या हप्त्यावर दंड लावता येईल, पण तो व्याजात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवता येणार नाही. दर तीन वर्षांनी फुगणाऱ्या रोख्याचा अनुभव घेतलेल्या भागाला या नियमाची किंमत वेगळी सांगायला नको. वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करणंही मना आहे.

चौथा, सावकारीचा कायदा. ३१ मार्चला सोसायटीचं 'नवंजुनं' करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायला, अनेकजण चार-आठ दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलतात. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाचे ३६ टक्के. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारांबाबत जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. तालुक्याचं सहायक निबंधक कार्यालय त्याची पहिली पायरी.

पाचवा, सल्ला. बँकांची वित्तीय साक्षरता केंद्रं सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. तिथे जाताना सगळ्या कर्जांची पासबुकं, हप्त्यांच्या तारखा आणि वर्षाच्या मिळकतीचा अंदाज एका कागदावर घेऊन जावं. सल्ला देणाऱ्याला अर्धी कर्जं लपवून ठेवली तर सल्लाही अर्धाच मिळतो.

मग फी कधी द्यावी?

तीन अटी पुऱ्या होत असतील तर द्यावी. वर्षाची वजाबाकी अधिक येते. हप्त्याच्या तारखा बदलून आणि दुसरं खातं काढूनही हप्ते परत जातातच. आणि सांभाळणाऱ्याचं आपल्याकडे स्वतःचं काही येणं नाही. शेवटची अट सर्वांत कडक पाळायला हवी. जो कर्ज देतो, कर्ज मिळवून देतो किंवा वसुलीवर कमिशन घेतो, त्याच्या हाती घराचा क्रम देऊ नये.

ही अट पाळणारी व्यवस्था या भागात उभी करता येण्यासारखी आहे आणि तिचं बरंच सामान तयारही आहे. शेजारच्या राजगुरुनगरची चैतन्य ही बचत गट बांधणारी महाराष्ट्रातली सुरुवातीची संस्था. तिच्यासारख्यांच्या कामातून या पट्ट्यातल्या बायकांना महिन्याची बैठक, सगळ्यांसमोर मोजलेले पैसे आणि सगळ्यांना वाचून दाखवलेली वही यांची सवय झाली. गटाची वही आणि सावकाराची वही यांच्यात फरक एवढाच, की पहिली सगळ्यांसमोर उघडते. तोच फरक सर्वांत मोठा.

दुसरं सामान कारखान्यांकडे आणि डेअऱ्यांकडे आहे. सोसायटीचा आकडा बिलातून वळता करणारी यंत्रणा त्यांच्याकडे रोज चालते. त्याच यंत्रणेत शेतकऱ्याने स्वतः लिहून दिलेले दोन आकडे बसू शकतात: जूनच्या बियाण्याचे इतके, मुलांच्या फीचे इतके. ते त्याच्याच नावाच्या वेगळ्या बँक खात्यात जावेत, आणि तो म्हणेल तेव्हा त्याला बदलता यावेत. त्यासाठी बिलामागे पाच-दहा रुपये खर्च आला तरी शेतकरी तो आनंदाने देईल. विजयवाड्याच्या वस्तीतल्या बायकांनी तर त्याहून कितीतरी जास्त दिला. कर्जदाराला शिस्त लावण्यासाठी आपण इतकी वर्षं कपाती लिहीत आलो. त्याच कागदावर त्याच्या घरासाठी एक ओळ लिहिणं अवघड नाही. सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडायला एक सभासद उभा राहिला तरी सुरुवात होईल.